गेटचा टाइम

राजारामपुरी, कोल्हापूर
गुरुवार, १६ ऑक्टोबर

प्रिय रशीद,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील असं वाटतं. ठेव, पण फाडू नकोस. मला पत्र लिहायची सवय नाही. ऑफिसात दिवसाला तीस-चाळीस मेल लिहितो, त्यात कामापलीकडं काही नसतं. त्यामुळं मागंपुढं झालं तर सांभाळून घे. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. अण्णांना दवाखान्यात न्यायला तू उशीर केला नव्हतास. गाडी कारखान्याच्या गेटबाहेर काढायला तुला अठरा मिनिटं लागली असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो. ती अठरा मिनिटं झालेलीच नाहीत. वजाबाकी मी केली होती आणि ती चुकीची होती.

हे मला सोमवारी कळलं. आज गुरुवार. चार दिवस मी जेवतोय, ऑफिसला जातोय, दिवाळीच्या खरेदीला बायकोबरोबर महाद्वार रोडलाही जाऊन आलो, आणि तिथं काय घेतलं ते मला सांगता येणार नाही. परवा दाढी करताना अर्ध्यात थांबलो आणि तसाच बाहेर आलो. वडील गेल्यावर माझं असं झालं नव्हतं. तेव्हा मला राग होता, आणि राग असला की माणूस ताठ उभा राहतो. आता तो काढून घेतल्यासारखा गेलाय.

सोमवारी काय झालं ते सांगतो. हंबीरराव शेठांच्या फाउंड्रीचं गेटचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं आहे, हे तुला माहीतच आहे. कोण किती वाजता आत आलं, कुठली गाडी किती वाजता बाहेर गेली, गेटवरचे सयाजीमामा बटण दाबणार आणि चिठ्ठी छापून येणार. अकरा वर्षं ते चाललंय. आता शेठांचा मुलगा विजयसिंह याला चेहरा ओळखणारं मशीन बसवायचं आहे, म्हणून जुनी सगळी नोंद नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायचं काम आमच्याकडं आलं. ते मी मोनाला दिलं. मोना म्हणजे सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडं लागलेली मुलगी, हुशार आहे, विचारायला घाबरत नाही. ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, सर, बटण दाबलं की वेळ लिहायच्या आधी तुम्ही त्यात नऊशे मिळवताय, हे नऊशे कशाचे? मी वाकून बघितलं. त्या ओळीच्या शेजारी मीच एक शब्द लिहून ठेवला होता. अण्णा.

मला हसू आलं, रशीद. खरंच आलं. मी तिला खुर्ची दिली आणि आमच्या हातकणंगल्याच्या घरातलं घड्याळ सांगितलं. तुला ते सांगायची गरज नाही. अण्णांनी ते कायम पंधरा मिनिटं पुढं ठेवलेलं असायचं, कारण त्यांची कोल्हापूरची गाडी एकदा चुकली होती आणि पुन्हा चुकवायची नव्हती. घरातल्या प्रत्येकाला ते पुढं आहे हे माहीत होतं, प्रत्येक जण मनात पंधरा मिनिटं वजा करायचा, तरी कुणाची हिंमत नव्हती ते मागं करायची. तू शाळेला बोलवायला यायचास तेव्हा उंबऱ्यात उभा राहून म्हणायचास, काका, तुमचं घड्याळ आजबी खोटं बोलतंय. आणि अण्णा म्हणायचे, रशद्या, खोटं बोलतंय म्हणून तर तू वेळेत आलास. पुढं ते फाउंड्रीत फोरमन झाले, मी गेटचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, तेव्हा त्यांनीच शेठांना सुचवलं की गेटचं घड्याळही पंधरा मिनिटं पुढं ठेवू, पोरं वेळेत येतील. शेठांना ते पटलं. मी एका ओळीत नऊशे सेकंद मिळवून दिले. पंधरा मिनिटांचे नऊशे सेकंद.

शेठांनी तेव्हा एक शंका काढली होती. वेळ खोटी लिहिली तर कामाचे तास चुकायचे नाहीत का? मी मोठ्या तोऱ्यात उत्तर दिलं होतं, नाही चुकत. येतानाची वेळ पंधरा मिनिटं पुढं, जातानाचीही पंधरा मिनिटं पुढं. एकातून दुसरी वजा केली की ती पंधरा मिनिटं आपोआप जातात आणि फरक बरोबर येतो. हे खरं आहे. आजही खरं आहे. एकाच घड्याळाच्या दोन वेळा असतील तर घड्याळ कितीही पुढं असू दे, काही बिघडत नाही.

मी हे मोनाला सांगितलं. तिनं मान हलवली. मग म्हणाली, दाखवायची वेळ पुढं ठेवून आत साठवायची वेळ खरी ठेवता आली असती. मी म्हटलं, हो, तेव्हा नवखा होतो. ती लिहून घेत होती, लिहिता लिहिता तिनं विचारलं, "म्हणजे सर, गेटच्या वेळेतून दुसऱ्या कुठल्या घड्याळाची वेळ कधी वजा करायची नाही ना?"

ती उत्तराची वाट बघत होती. तिनं पुन्हा हाक मारली असेल. मला एवढंच आठवतं की मी उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो आणि फोनमध्ये मागच्या नोव्हेंबरची चौदा तारीख काढली. तुझा कॉल तिथं होता. दहा चाळीस.

त्या दिवशीचं मी कुणाशी बोललेलो नाही, तुझ्याशी तर नाहीच, म्हणून आता लिहितो. तुझा फोन आला, अण्णांना चक्कर आलीय, पडलेत, मी शेठांची गाडी काढतोय, तू डायरेक्ट दवाखान्यात ये. मी तुझ्या आधी पोचलो. तू गाडी आत घेतलीस, तेव्हा अण्णांचं डोकं गेटवर गाडीत चढलेल्या सयाजीमामांच्या मांडीवर होतं. अकरा वीसला डॉक्टर बाहेर आले. ते चांगले बोलले, खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, दहा-पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. त्यांनी ते सहज म्हटलं असेल. सगळ्यांनाच म्हणत असतील. पण माझ्या डोक्यात ते बसलं. तेव्हापासून मी ती पंधरा मिनिटं शोधत होतो. मी माणसांत बसून रडणाऱ्यातला नाही, तुला माहीत आहे. मी काहीतरी तपासत बसतो. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये आल्याची वेळ अकरा सहा होती. फोन दहा चाळीसचा. मधली वेळ गेटच्या नोंदीत होती, ती मी ऑफिसातून उघडून बघितली, तेव्हा ते नऊशे सेकंद माझ्या डोक्यात आलेच नाहीत. तुझी गाडी बाहेर पडली दहा अठ्ठावन्नला. अठ्ठावन्नातून चाळीस गेले, अठरा. मी पंधरा मिनिटं शोधायला गेलो होतो आणि मला ती सापडली.

दहा अठ्ठावन्नला निघून अकरा सहाला दवाखान्यात. शिरोली एमआयडीसीतून तावडे हॉटेलचा चौक ओलांडून गावात यायला आठ मिनिटं. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये. हे होऊच शकत नाही हे मला, रोज गणित करणाऱ्या माणसाला, तेव्हा कळायला हवं होतं. मला उलटंच कळलं. मला वाटलं, आधी वेळ घालवला म्हणून तू नंतर गाडी मरणाची पळवलीस. जे आकडे माझी चूक सांगत होते, तेच मी तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून धरले.

पाचव्या दिवशी हातकणंगल्याला घरात माणसं बसली होती. तू अण्णांना खांदा दिला होतास, रोज येत होतास, त्या दिवशीही नजीराभाभींना घेऊन आला होतास. मी तुझ्या हातात कागद दिला. ऑफिसातून छापून आणलेला. त्यावर दोनच ओळी होत्या. फोन ते गेट, अठरा मिनिटं. गेट ते दवाखाना, आठ मिनिटं. रशीद, मी त्या कागदावर वेळा लिहिल्या नव्हत्या, फक्त फरक लिहिला होता. चार दिवस मी त्यावरच विचार करतोय. दहा अठ्ठावन्न असं नुसतं लिहिलं असतं, तरी सयाजीमामा तिथंच सतरंजीवर बसले होते, ते म्हणाले असते, हा गेटचा टाइम हाय. कारखान्यातला कुठलाही माणूस म्हणाला असता. तुम्ही सगळे तो शब्द रोज वापरता, गेटचा टाइम आणि खरा टाइम. पण फरकावर कुठलं घड्याळ लिहिलेलं नसतं. अठरा म्हणजे अठरा. मी मोठ्यानं वाचलं, आणि कम्प्युटरचा कागद म्हणून गाडीतून आलेल्या सयाजीमामांनीही मान खाली घातली. ताईनं विचारलं, आठ मिनिटांत पोचतोस, मग आधी अठरा मिनिटं काय करत होतास? तू म्हणालास, लगेच निघालो की. मी पुन्हा कागदावर बोट ठेवलं. तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "कम्प्युटरात तसं असंल तर मी काय सांगणार, धवल."

तू कागदाची घडी घालून खिशात ठेवलीस आणि भाभींना उठवून गेलास. दहा दिवसांनी तू शेठांच्या गाडीची किल्ली सयाजीमामांकडं देऊन नोकरी सोडलीस, कोडोलीला सासरवाडीला गेलास, मेहुण्याच्या, मुनव्वरच्या कापडाच्या दुकानात बसतोस, गाडीला हात लावत नाहीस, हे सगळं मला कुणाकुणाकडून कळत होतं. आणि खरं सांगतो, प्रत्येक वेळी मला वाटायचं, म्हणजे बरोबरच होतं आपलं. चूक नसती तर गेला असता का?

मंगळवारी मी शिरोलीला गेलो. मनात अजून थोडी आशा होती, आणि ती कसली होती ते लिहायलाही लाज वाटते. मधल्या काळात कुणी ती ओळ काढली असेल, नोव्हेंबरात घड्याळ बरोबर असेल, अशी. गेटवर सयाजीमामा होते. मी फोन बाहेर काढला आणि त्यांच्या स्क्रीनशेजारी धरला. फोनवर सव्वा दहा. स्क्रीनवर साडेदहा. मी त्यांना विचारलं, मामा, हे कधीपासून असं आहे? त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. "पंधरा मिन्टं पुढं हाय की ते," ते म्हणाले, "तुमीच करून दिलंय न्हवं, अण्णांच्या सांगण्यावरनं?" मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आतून पाण्याची बाटली आणली. मी पाणी प्यालो की नाही, आठवत नाही.

तिथूनच पावणेअकराच्या सुमाराला मी गाडी काढली आणि तुझ्या रस्त्यानं दवाखान्यापर्यंत आलो. चोवीस मिनिटं. बुधवारी पुन्हा गेलो, बावीस. दवाखान्यातल्या रिसेप्शनचं घड्याळही फोनशी लावून बघितलं, ते बरोबर आहे. तुझी वेळ आता अशी येते. दहा चाळीसला फोन, दहा त्रेचाळीसला गेट, अकरा सहाला दवाखाना. तेवीस मिनिटं. त्या रस्त्यावर त्याहून फार लवकर कुणी आलं नसतं. आणि आधीची तीन मिनिटं. अण्णांचं वजन पंच्याऐंशी किलो होतं. साच्यांच्या विभागापासून गाडीपर्यंत त्यांना उचलून आणायचं, मागच्या सीटवर आडवं करायचं, गेटवर यायचं. तीन मिनिटांत.

काल दुपारी ताईला फोन केला. ती आधी म्हणाली, तू उगाच जुनं काढून जीवाला लावून घेतोयस. मग मी तिला सगळं, जसं तुला लिहिलं तसं, सांगितलं. तिनं विचारलं, मग अण्णा कशानं गेले? हृदय बंद पडलं म्हणून गेले, हे तिलाही माहीत आहे. पण अकरा महिने आम्हाला दुसरं उत्तर होतं, आणि ते तू होतास. ती रविवारी कोडोलीला यायचं म्हणतेय. मी तिला थांबवलंय. तू हे वाचल्यावर तू ठरव, आम्ही यायचं की नाही. त्या दिवशी जे जे घरात बसले होते, त्यांची नावं मी लिहून काढली. एकोणीस जण आहेत. त्यातल्या अकरा जणांना आतापर्यंत समक्ष भेटून किंवा फोनवर सांगितलं, की चूक माझी होती. एकजण म्हणाला, जाऊ दे की आता. जाऊ द्यायचं असेल तर ते तू म्हणायचं, हे मी त्याला सांगितलं.

मी आता समोर न येता हे लिहून का पाठवतोय, ते राहिलं. काल संध्याकाळी मी नजीराभाभींना फोन केला. मला वाटलं होतं त्या शिव्या देतील, तू फोन ओढून घेशील, आणि मला ते चाललं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, उशीर केला तुमी, धवलभाऊ. मग त्यांनी मला तुझं सांगितलं. पहिले काही महिने तू रोज म्हणायचास, मी लगेच निघालो होतो. भांडायचास त्यावरून. मग बोलायचंच सोडलंस. आणि रमजान ईद झाल्यावर एक दिवस तू त्यांना, मुनव्वरला आणि लेकीला, मेहकलाही बसवून सांगितलंस, की आता मला आठवतंय. काका खाली पडले होते आणि माझे हातपायच हलेनात. मी गाडीच्या दाराला धरून उभा राहिलो. लोक ओरडत होते आणि मला ऐकू येत नव्हतं, पंधरा मिनिटं मी नुसता उभा होतो. "आता त्येंना ते दिसतंय," भाभी म्हणाल्या, "फोनवर सांगून पटायचं न्हाय. तुमी कागद दिलता, आता कागदच द्या." म्हणून हा कागद. आज सकाळी मी पुन्हा शिरोलीला जाऊन तुझ्याबरोबर अण्णांना उचलणाऱ्या राजवीरला गाठलं आणि विचारलं, रशीद किती वेळ उभा होता? तो म्हणाला, "उभा? त्येनं तर मला आईवरनं शिवी घातली, पाय धर म्हणून. खांद्याला त्योच होता." तो अजून ती शिवी विसरलेला नाही. रशीद, तू दाराला धरून उभा राहिला नव्हतास. तेवढा वेळच तिथं नव्हता. मी कागदावर अठरा मिनिटं लिहिली, आणि ती कशात गेली ते तुला सांगता येईना, म्हणून तू स्वतःला त्यात उभं केलंस.

तुझाच,
धवल